लाडवाची मूळ प्रत

दिल्लीला जायचं मी कॅलेंडर न बघताच ठरवलं. नोव्हेंबरात कोलंबोहून रंजनीचा फोन आला, "जानेवारीत दिल्लीत कार्यशाळा आहे, ऑफिस मला पाठवतंय. तू येतेस का?" मी हो म्हटलं आणि मगच मालकांना विचारायला गेले.

ही रंजनी कोण, ते सांगते. मी पिंपळगावच्या एका कांदा निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम बघते. रंजनी कोलंबोत आमचा माल बंदरातून सोडवणाऱ्या एजंटच्या ऑफिसात. न्हावाशेवाहून निघालेलं जहाज कोलंबोला चटकन पोचतं, पण कांद्याला कीड-रोग नाही असं सांगणारं सरकारी प्रमाणपत्र कुरियरने मागून रखडत जातं. त्याची मूळ प्रत हातात पडल्याशिवाय कंटेनर जागचा हलत नाही. मग तिचा फोन येतो आणि इंग्रजीतलं तेच वाक्य: "ओरिजिनल नॉट रिसिव्ड, मॅडम."

कंटेनर अडकला की मालक डोक्याला हात लावून बसायचे आणि आम्ही दोघी गप्पा मारायचो. तिची गुडघेदुखी, माझं बीपी, तिची सून, माझा रिकामा ब्लॉक. माझा नवरा अविनाश गेला त्या वर्षी तर मी मनातल्या मनात म्हणायचे, कुरियर जरा उशिराच पोचू दे. कारण फोनवर ती आधी विचारायची, "जेवलीस का?" तेव्हा हे विचारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

कागदांच्या पाकिटात मी नेहमी काहीतरी चपटं सरकवायचे. तिळाची वडी, चिक्की, एकदा मेथीचा खाकरा, जो चुरा होऊन पोचला. तिच्याकडून दालचिनी यायची, चहाच्या पुड्या यायच्या. लाडू मात्र कधीच जमला नाही, पाकीट फुगतं. प्रत्यक्ष भेटू तेव्हा लाडू, असं आमचं ठरलेलं होतं.

तर डबाभर बेसनाचे लाडू घेऊन निघाले. नाशिकरोडहून संध्याकाळी राजधानीत बसलं की सकाळी हजरत निजामुद्दीन. जानेवारीत धुकं असतं, त्यामुळे त्या दिवशी कोणतंही महत्त्वाचं काम ठेवू नका. आमची गाडी मथुरेच्या अलीकडे इतकी रेंगाळली की शेजारचे काका दोनदा दाढी करून आले. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यांच्या तोंडी लागण्यापेक्षा मेट्रो घ्या: गुलाबी मार्गाने मयूर विहार, तिथे बदलून निळ्या मार्गाने थेट करोल बाग. शंभराच्या आत काम होतं आणि बायकांसाठी वेगळा डबा असतो.

हॉटेल करोल बागेतच घेतलं होतं, बाजारामागच्या गल्लीत. खोली बरी, गरम पाणी सकाळी नऊपर्यंत, खिडकीसमोर गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. एकट्या बाईला रिसेप्शनवर दोनदा विचारतात, "और कोई आएगा?" रात्री खाली छोले-भटुरे खायला गेले तर वेटरनेही तेच विचारलं. मी म्हटलं, "नहीं, एक ही." छोले उत्तम होते. पण समोर कोणी नसलं की भटुरा फार मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळा, मंडी हाऊसजवळच्या एका सभागृहात. नावनोंदणीच्या टेबलावर मृणाल नावाची तरुण अधिकारी होती. आईवडील सोलापूरचे, ती जन्मापासून दिल्लीची. माझं आडनाव वाचून खूश झाली. "अच्छा, तुम्ही नाशिकहून? चलो, कोणीतरी मराठी बोलायला मिळालं. बसा काकू, चहा बिल्कुल गरम आहे."

मी कोलंबोच्या पाटीमागची खुर्ची शोधली. तिथे तिशीतला एक मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. नाव दिलान. मी रंजनीबद्दल विचारलं.

"रंजनी मॅडम डिसेंबरात गेल्या," तो म्हणाला. माझा चेहरा बघून घाईने पुढे बोलला, "म्हणजे ऑफिस सोडलं. त्यांच्या टेबलाचं काम जास्त करून कागदाचं होतं ना. आता सगळं सिस्टीमवर."

"त्यांचा नंबर?"

"तो ऑफिसचा मोबाइल आहे. आता माझ्याकडे असतो."

त्याने टेबलावरचा फोन दाखवला. इतकी वर्षं बोललो आणि आम्हा दोघींना एकमेकींचा घरचा नंबर घ्यावासा वाटला नव्हता. काहीतरी अडकणारच, मग फोन येणारच, हे गृहीत होतं. डिसेंबरभर तिचा फोन आला नाही तेव्हाही मला खटकलं नाही. प्रमाणपत्र ऑनलाइन पाठवायची चाचणी सुरू झाली होती, आमचं काही अडकतच नव्हतं. मी उलट मालकांकडून शाबासकी घेतली होती.

दुपारी प्रात्यक्षिक झालं. इथे एकाने बटण दाबलं आणि पडद्यावर कोलंबोच्या बाजूला हिरवी खूण उमटली. प्रमाणपत्र पोचलं. ना शिक्का, ना पाकीट, ना विमान. निरनिराळ्या देशांची माणसं उठून टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या, हे लिहायला हवं. पाकिटाची वाट बघण्यात आमचा किती कांदा बंदरावर सडलाय ते मी पाहिलंय. फक्त बाजूच्या खुर्चीकडे बघून डोळा मारावा असं कोणी तिथे नव्हतं.

चहाच्या वेळी मी दिलानपुढे डबा ठेवला. "एवढा रंजनीला द्याल?"

तो अवघडला. त्याला पुढे दुबईला जायचं होतं, हातात एकच बॅग. मग त्याला एकदम सुचलं. "डोंट वरी मॅडम," म्हणत त्याने झाकण उघडलं, डबा खिडकीपाशी उजेडात धरला आणि लाडवांचा फोटो काढला. "माझ्याकडे त्यांच्या मुलाचा नंबर असेल. आत्ता पाठवतो. लगेच पोचेल."

दिलान मुलगा चांगला होता हो. मी माझा नंबर त्याला लिहून दिला, तोही त्याने फोटोसोबत पाठवला. लाडवांची प्रत गेली, लाडू माझ्याकडेच राहिले.

मृणालने विचारलं, "काय झालं काकू?" मी म्हटलं, "काही नाही गं, जरा हिरमुसले."

"हिरमुसले म्हणजे? सॅड?"

"जवळपास," म्हटलं. दोन लाडू तिला दिले.

संध्याकाळी बाजारात शाल बघायला गेले. भाव करा, अर्ध्यावर येतात. रताळ्याच्या चाटच्या गाडीशी दोन मुली मराठीत बोलत होत्या, परीक्षेच्या तयारीला आलेल्या असाव्यात. "अगं, आईला सांगितलंच नाही मी," एक म्हणत होती. मी त्यांच्या शेजारी उभी राहून चाट संपवली. तोंड उघडलं असतं तर ओळख झाली असती. पण त्या दिवशी पुन्हा कोणाशी पहिल्यापासून सुरुवात करायचं बळ नव्हतं. शाल न घेताच परतले.

शेवटच्या दिवशी गाडीला वेळ होता. निजामुद्दीनला सामान ठेवून हुमायूनचा मकबरा बघता येतो, रिक्षाने जवळ आहे. उन्हात हिरवळीवर बसायला सुंदर जागा. आजूबाजूला घरंच्या घरं डबे उघडून बसली होती, म्हणून मीही उघडला आणि एक लाडू खाल्ला. फार छान जमला होता. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी आल्यावर आठवडाभर ऑफिसात सगळं सुरळीत होतं. कंटेनर जात होते, सुटत होते, फोन शांत. उरलेले लाडू मी ऑफिसात वाटणार होते, पण वाटले नाहीत. खोकल्याचं निमित्त सांगून डबा घरीच ठेवला. एकटेपणा म्हणजे रडणं वगैरे नसतं. दुपारी टेबलावरचा फोन उचलून तो चालू आहे ना, एवढंच बघणं असतं.

मग एका सकाळी पोळ्या लाटताना मोबाइलवर मेसेज आला. अनोळखी नंबर, श्रीलंकेचा. वर दिलानने काढलेला लाडवांचा फोटो आणि खाली एकच ओळ:

"ओरिजिनल नॉट रिसिव्ड, मॅडम."

मी पोळपाटाशीच बसले आणि हसले, मग थोडं रडलेही. खाली तिने घरचा पत्ता लिहिला होता.

डब्यात चार लाडू उरले होते. एकेक वाटीखाली दाबून चपटा केला, तूप लागू नये म्हणून दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि जुन्या सवयीने ऑफिसचं लांबट पाकीट घेतलं. आत माझाही पत्ता लिहिला, घरचा. कुरियरचा माणूस पाकीट हातात तोलून म्हणाला, "ताई, तुमचं आता सगळं ऑनलाइन झालं ना? आत काय आहे?"

"डॉक्युमेंट्स," मी म्हटलं.