मामाचं दुसरं रीळ

आमच्या गल्लीत माझ्या मामाला सगळे शेंडेमामा म्हणतात. शेंडे हे काही आमचं आडनाव नाही. त्याचं आयुष्य झाडांच्या शेंड्यांवर गेलं, म्हणून. घरांवर, तारांवर, छपरांवर झुकलेल्या फांद्या दोराने वर चढून उतरवायच्या, हा त्याचा धंदा. चाळीस वर्षं उंचावर लोंबकळलेला हा माणूस घरचा जिना मात्र कठडा धरूनच उतरतो. मी त्याची भाची. वडील लवकर गेले, मामाने वाढवलं आणि त्याचंच वेड मला लागलं. आई म्हणते, घरात एक माकड होतं ते काय कमी होतं!

टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. त्यांच्यामधल्या बोळात खिळ्यांना दोर, पट्टे, करवती टांगलेल्या असतात, आणि दोन रिळं. तळहाताएवढी, बाजूला फिरवायचा दांडा आणि त्यांवर बुटाच्या नाडीपेक्षा बारीक पिवळा दोरा. झाडावर माणसाच्या आधी हा दोरा चढतो. टोकाला छऱ्यांची पिशवी बांधायची, ती वरच्या बेचक्यातून पलीकडे फेकायची, दोऱ्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा, मग आपण.

मामाचा सगळा जीव त्या दोऱ्यात. फेकण्याआधी तो सगळा रिळावरून काढून बादलीत सैल सोडायचा, आणि काम झालं की दांडा फिरवत परत घ्यायचा. "हाताने वेढे घालायचे नाहीत, ठमे. रीळ फिरवायचं. नाहीतर पीळ बसतो, आणि पीळ ऐन वेळी दगा देतो." दर महिन्याला दोरे साबणाच्या पाण्यात धुऊन तो न्हाणीघरात वाळत घालायचा. आई ओरडायची, "आंघोळ करायची की जाळ्यात शिरायचं?" मामा या कानाने ऐकायचा, त्या कानाने सोडून द्यायचा.

माणूस वर गेला की हाच दोरा टोकाच्या आकड्याने त्याच्या पट्ट्याला अडकवतात आणि रीळ खालच्याच्या हातात राहतं. करवत, पाण्याची बाटली त्यावरूनच वर जाते. रहदारीत हाका ऐकू येत नाहीत, म्हणून झटक्यांची भाषा. एक झटका म्हणजे ढील दे. दोन म्हणजे करवत पाठव. तीन म्हणजे काम झालं, दोरा सोडलाय, गुंडाळ, मी उतरतो.

दुसऱ्या रिळाला निळी चिकटपट्टी होती. ते लंबूकाकाचं. लंबूकाका मामाचा जोडीदार, ताडमाड उंच आणि डावखुरा. त्याच्या गाठी आरशात पाहिल्यासारख्या उलट्या पडायच्या, आणि मी शाळेत असताना त्या सोडवायची पैज लावून नेहमी हरायचे. अकरा वर्षांपूर्वी तो रुग्णालयामागच्या निलगिरीवरून पडला आणि गेला. त्याचं रीळ मामा धुवायचा, पुसायचा, पण कामावर कधी न्यायचा नाही. आणि कधीकधी, खिडक्या बंद असताना, त्या रिळाचा दांडा आपोआप हलायचा. टिक, टिक, टिक. आई म्हणायची, उंदीर. मला भुताखेतांच्या गोष्टींचा मनस्वी तिटकारा आहे, म्हणून मीही उंदीरच म्हणायचे. पण दर वेळी मोजून तीनदाच वाजवून गप्प बसणारा उंदीर मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

यंदा त्याच रुग्णालयातून फोन आला. त्याच निलगिरीची एक वाळकी फांदी मुलांच्या वॉर्डावर आली होती. मागचं फाटक अरुंद, यंत्राची गाडी आत येत नाही. मी मामाला न विचारताच हो म्हणून बसले. ते ऐकून तो बोळात गेला, निळ्या पट्टीचं रीळ काढून मांडीवर घेऊन बसला.

"त्या दिवशी खाली मी होतो," शेवटी तो म्हणाला. "तीन झटके आले. मला कळले. पण खिडकीत ओळखीची नर्स होती, तिला मी एक विनोद सांगत होतो. म्हटलं, एवढा संपवतो आणि गुंडाळतो."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. उतरणाऱ्याच्या छातीसमोर जाड दोरावर पकडगाठ असते. अंगाचा भार आला की ती आवळते आणि माणूस तरतो. तिच्या वेढ्यांत बारीक दोरा शिरला तर ती आवळतच नाही. मामाने गुंडाळला नव्हता तो सैल दोरा लंबूकाकाच्या गाठीत शिरला होता.

"वरचा तुकडा फांदीत अडकला, तो तिथेच राहिला. मी खालून कापून एवढा आणला."

"विनोद कुठला होता?" मी मूर्खासारखं विचारलं.

"आठवत नाही गं. अकरा वर्षं आठवतोय."

मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावरच चिडले. म्हटलं, दुसऱ्या कुणाला खाली उभं करते. तो म्हणाला, "नाही. तू चढणार असशील तर खाली मीच. नाहीतर चढायचंच नाही."

सकाळी दहाला आम्ही तिथे पोचलो. ऊन लखलखीत, वारा बिलकुल नाही. एवढं मोठं झाड, पण एक पान हलेना. मामाने पहिल्याच फेकीत पिशवी बेचक्यातून पार केली. दोर ओढला, आम्ही दोघं त्याला लोंबकळून बघितलं, आणि मी निघाले. निघताना त्याने माझी पकडगाठ चारदा तपासली.

वर पोचल्यावर मी पहिल्यांदा लंबूकाकाचा तुकडा शोधला. कुठेच नव्हता. अकरा वर्षांच्या उन्हात कुजून गेला असेल म्हटलं आणि कामाला लागले. फांदी तीन तुकड्यांत उतरवली, करवत खाली पाठवली, दोऱ्याचा आकडा पट्ट्यातून काढून डावीकडच्या खुंटाला अडकवला. एक काटकी तेवढी हाताने मोडायची राहिली होती, म्हणून मामाला झटके दिले नव्हते. ती मोडली. आता झटके उतरता उतरता देऊ, असा आळस केला, गाठीवर बोट ठेवलं आणि मागे रेलणार, तेवढ्यात छातीवर काहीतरी सरपटलं.

पिवळा दोरा. तो माझ्या पकडगाठीच्या वेढ्यांखालून बाहेर निघत होता. कधी शिरला होता देव जाणे. खाली कुणीतरी घाईघाईने रीळ फिरवत होतं. दोरा गाठीतून सुटला, खुंटावरचा आकडा निघाला आणि पानांत दिसेनासा झाला. मी पाय आखडून तिथेच बसून राहिले.

खाली उतरले ती भांडायलाच. "खूण नसताना गुंडाळलास कसा?" खरं तर मला त्याच्या गळ्यात पडायचं होतं.

"तीन झटके आले."

"मी दिलेच नाहीत."

"माहीत आहे," मामा म्हणाला. "तुझे मला ओळखू येतात. तू दार आपटल्यासारखे देतेस." त्याने हातातलं रीळ माझ्यापुढे धरलं. आमच्या दोऱ्याच्या टोकाला आकडा होता, आणि आकड्याच्या कडीला बांधलेला, उन्हाने पांढरा पडलेला, सात-आठ मीटरचा जुना दोरा. मी गाठ पाहिली. उलटी होती, आरशातली. मी ती सोडवायला हात लावला नाही.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत एक आजीबाई सकाळपासून बसून होत्या. त्यांनी वरून हाक मारली, "अहो, पोरगी उतरली. ते दुसरे उंच गृहस्थ कधी उतरायचे? उन्हात बसलेत बिचारे."

मी मामाकडे पाहिलं. त्याने झाडाकडे पाहिलं नाही. तो हातातल्या पांढऱ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवत होता.

"उतरला, आजी," तो म्हणाला. "आत्ताच उतरला." आणि तिथेच दोरांच्या ढिगावर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्याजवळ बसले आणि आमच्या आजूबाजूला पडलेली निलगिरीची पानं उगीचच गोळा करत राहिले.

घरी आल्यावर त्याने तो तुकडा निळ्या पट्टीच्या रिळावर घेतला. दांडा फिरवून, पीळ न बसू देता. त्यानंतर बोळातलं टिकटिक थांबलं. आई खूश झाली, म्हणाली, गेला एकदाचा उंदीर.

चार दिवसांनी दुपारी जेवताना मामाचा घास हातातच राहिला. "आठवला!" तो ओरडला. आणि त्याने तो विनोद सांगितला. एक माणूस न्हाव्याकडे छत्री विसरतो, असा काहीतरी अगदीच फालतू विनोद होता. सांगताना तो दोनदा चुकला. आई हसली, मी हसले, मामा तर ठसका लागेपर्यंत हसला.

तेव्हा बोळात आवाज झाला. टिक.

आम्ही तिघंही थांबलो. मी दुसऱ्याची वाट पाहिली, तिसऱ्याची पाहिली. आला तो एकच.

मामाने डोळे पुसले आणि ताट आईपुढे सरकवलं. "ढील दे म्हणतोय," तो म्हणाला. "वाढ गं अजून थोडा भात."