ओताकारच्या तीन नळ्या आणि माझं छत

चौथ्या मजल्यावरच्या ओताकारला मासे पाळायचे आहेत, हे कळलं तेव्हा मी आधी माझ्या छताकडे बघितलं. कारण मी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर त्याच्या खाली. सहा वर्षांपूर्वी त्याच्या वॉशिंग मशिनचा पाइप निसटला आणि माझ्या बैठकीच्या खोलीत दिव्यातून पाणी ठिबकलं. आता हा गृहस्थ त्याच खोलीच्या वर चारशे लिटरची टाकी ठेवणार होता!

"ओताकार, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी जिन्यातच त्याला गाठलं.

"ब्रिख्तोवाबाई, पस्तीस वर्षं मी रेल्वेच्या डब्यांना ब्रेकच्या नळ्या जोडल्यात. एकसुद्धा गळली नाही."

"मग वॉशिंग मशिनला चाकं नव्हती म्हणून गळलं वाटतं?"

बिचाऱ्याचे कान लाल झाले, पण मागे हटला नाही. आमच्या इमारतीची सभा भरली तेव्हा उभा राहिला आणि सगळ्या पार्दुबिचे शहराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ब्रिख्तोवाबाईंच्या छतावर एक थेंब जरी दिसला, तर टाकी मी माझ्या हातानं मोडीन." त्याला डिस्कस मासे हवे होते, ताटलीसारखे गोल. तीस वर्षांपासून हवे होते. आधी मुलं लहान होती, मग जागा नव्हती, मग सासूबाई राहायला आल्या. निवृत्त झाल्यावर माणसाला एवढं तरी मिळावं, असं मलाही वाटत होतं. पण मी कशाला बोलतेय!

मग सुरू झाले त्याचे आराखडे. चौकटीच्या वहीत, पेन्सिलीनं, एकेक नळी मापात. नवा आराखडा झाला की स्वारी माझ्या दारात हजर. सोबत बायको द्राहोमीरा, हातात खसखशीचा केक. लाच हो, दुसरं काय!

"हे बघा," तो पेन्सिल टेकवून सांगायचा, "पाणी टाकीतून ओसंडतं आणि खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरतं. तिथे आधी हा जाड कापडाचा थर, घाण इथे अडकते. पुढे भाजक्या मातीचे बारके तुकडे. त्यात जंतू राहतात."

"जंतू? माझ्या डोक्यावर?"

"चांगले जंतू, बाई! माशांची घाण पचवणारे. आणि मग पंप स्वच्छ पाणी परत वर चढवतो."

पाणी उतरायला त्यानं एक सोडून तीन नळ्या काढल्या होत्या. पहिली काठोकाठ भरून वाहणार, म्हणजे गुडगुड आवाज नाही. दुसरीतून राहिलेलं थोडंसं. तिसरी कोरडीठाक, पहिल्या दोन तुंबल्या तरच ती कामाला लागणार.

"आणि वीज गेली तर?" मी विचारलं.

त्याचा चेहरा असा खुलला की मला माझाच राग आला. पंप थांबला, तर वर चढवणारी नळीच उलटं पाणी खाली ओढू लागते म्हणे. म्हणून त्यानं त्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक ठेवलं होतं. पाणी थोडं उतरलं की भोकातून हवा शिरणार आणि ओढ तुटणार. तेवढं उतरलेलं पाणी मावावं म्हणून खालच्या टाकीवर लाल रेघ मारली होती. तिच्यावर पाणी भरायचं नाही.

तळघरात आमची कपडे वाळवायची सामायिक खोली आहे. तिथे त्यानं हे सगळं प्रकरण मांडलं आणि तीन आठवडे चालवलं. बायका चादरी घेऊन यायच्या आणि शिव्या घालत परत जायच्या. त्यानं चाळीस वेळा पंपाचा प्लग उपटून पाहिला. मीही तीनदा उपटला, न सांगता. थेंब सांडेल तर शपथ! शेवटी म्हटलं, न्या बाबा वर एकदाचं.

सहा मासे आले. ओताकार दहा वर्षांनी तरुण झाला. जिन्यात शीळ घालायला लागला.

घोटाळा झाला तो दुसरीकडेच. मे महिना लागला की शुक्रवारी दुपारी आमची अर्धी इमारत नदीकाठच्या आपापल्या लाकडी घरांकडे पळते. वरचे दोघंही निघाले. ओताकारनं सगळ्या नळ्या तपासल्या, किल्ली माझ्याकडे दिली आणि गाडी काढायला खाली गेला. मागून निघाली द्राहोमीरा. अडतीस वर्षांची सवय तिच्या हाताला: गॅस बंद, पाणी बंद, फ्रिज रिकामा करून टोपलीत, आणि जाता जाता दाराबाहेरच्या कपाटातला विजेचा मुख्य खटका खाली. तिनं तो ओढला आणि गेली गाणं म्हणत.

तासाभरानं मी कॉफी घेऊन बसले आणि टपकन एक थेंब बशीत.

अशी संतापले म्हणता! किल्ली घेतली, वर धावले. टाकीच्या कपाटाखाली तळं. टाकीतलं पाणी वीतभर उतरलेलं. त्याच्या लाडक्या भोकात टाकीतल्या पाणवनस्पतींबरोबर आलेली एक शेंगदाण्याएवढी गोगलगाय चपखल बसली होती! हवा शिरणार कुठून? या वयात मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली, गोगलगाय उपटली, सगळं कोरडं केलं आणि खटका वर ढकलला. पंप सुरू झाला. पाच मासे फिरू लागले. सहावी मासळी मात्र काळवंडून कोपऱ्यात रुसून बसली.

नदीकाठी मोबाइल लागत नाही. तिला तसंच टाकून खाली जायला माझा जीव होईना. रात्री झोपण्यापुरती खाली आले आणि शनिवारी सकाळी आठला विणकाम घेऊन पुन्हा वर गेले. "खा गं बाई," म्हटलं. नाही खाल्लं. दुपारी शिव्या घातल्या, तरी नाही. रविवारी सकाळी मात्र सरळ वर आली आणि माझ्या बोटांतून दाणा ओढला. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

दुपारी दोघं आले. मी सगळं सांगितलं. द्राहोमीरानं कपाळावर हात मारला. ओताकार माझ्याकडे खाली आला, छतावरचा बशीएवढा डाग बघितला, आणि वर जाऊन मासेवाल्याला फोन लावायला लागला.

"हे काय?" मी मागोमाग गेले.

"सहाही परत घ्या म्हणतो. उद्या टाकी मोडतो." तो टाकीकडे पाठ करून उभा राहिला. "सगळ्यांसमोर शब्द दिलाय मी."

"शब्द कुणाला दिला? मला ना? डाग कुणाच्या छतावर? माझ्या ना? मग तुम्ही कोण मधे नाचणारे?"

"पण बाई, तुमचं छत..."

"छत रंगवाल तुम्ही, पुढच्या रविवारी, दोन हात मारून. ते जाऊ द्या. मासे गेले तर रोज सकाळी आठला मी कुणाला खायला घालू, ते सांगा आधी!"

मग त्यानं फोन ठेवला.

"आठला आम्ही झोपलेले असतो," तो म्हणाला.

"मग उठायचं," मी म्हटलं.