उघडाबोडका चाफा

सेक्टर दहाच्या समस्त रहिवाशांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या शेजाऱ्यांचा चाफा थंडीत नेहमीप्रमाणे उघडाबोडका झाला होता. शेजारी इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून ते बजावत, "पानं मांगून येतेत, भाऊ. आधी फुलं!" चाफा त्यांच्या बायकोनं लावलेला. ती गेल्यावर ते रोज चाफ्याशीच भांडत, "कावून वं, कळी कोठी हाय?"

पुढे प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली. ते ट्रकमध्ये सामान चढवत असताना तिथं राहायला आलेल्या नव्या साहेबांनी चाफा मेलेला समजून मजुराकडून तोडून घेतला. शेजारी धावत आले. बुंध्यातून पांढरा चीक गळत होता. त्याखाली ओंजळ धरून, साहेबांना मराठी कळत नसतानाही, ते ओरडले, "पटलं का आता, जित्ता होता म्हून?"