पेंढ्याच्या उडवीची धग

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. पहिल्या बाळंतपणासाठी मी आगाशीला माहेरी आले होते, आणि मुलगा जेमतेम नाव ठेवण्याजोगा झाला होता. वैशाखातल्या एका दुपारी शेजारच्या वाडीतली, पेंढा रचून केलेली मोठी उडवी पेटली. चुलीतली राख तिथं टाकताना एखादा निखारा राहिला असावा.

वारा समुद्राकडून होता. आमचं घर उडवीच्या पश्चिमेला, त्यामुळे ठिणग्या आमच्याकडे येत नव्हत्या. त्या पलीकडच्या घरावर पडत होत्या. वडील आणि आळीतले सगळे पुरुष तिकडे धावले. आपल्याला भीती नाही, तू पडून राहा, असं आई मला म्हणाली.

पण खोलीत बसवेना. खिडकी लावून घ्यायला गेले, तर गजाचा हाताला चटका बसला. बाहेर पाहिलं. पडवीला आडोसा म्हणून बांधलेल्या माडाच्या सुक्या झावळ्यांतून धूर निघत होता. त्यांच्यावर एकही ठिणगी पडलेली नव्हती. उडवी आणि आमच्यामध्ये मोकळं अंगण होतं, तरी उन्हासारखी धग थेट येऊन त्यांना भाजत होती.

मी बाळाला घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले. शेजारची ख्रिस्ती मावशी विहिरीपाशी भेटली. तिच्या हातात बाळ दिलं आणि कोयता घेऊन पडवीकडे वळले. आई आडवी आली. ओली बाळंतीण मी; तिचंही चुकत नव्हतं.

"आई, जाळ इथवर यायची वाट बघू नकोस," मी म्हटलं. "नुसत्या धगीनंच पेटतील या."

आईनं धुराकडे पाहिलं आणि दुसऱ्या टोकाच्या दोऱ्या सोडायला घेतल्या. आम्ही दोघींनी झावळ्या ओढून अंगणाच्या कडेला फेकल्या. त्यातली एक तिथं पडल्या पडल्या भडकली. मग विहिरीजवळच्या दगडी डोणीतल्या पाण्यात गोणपाटं भिजवून आम्ही पडवीच्या खांबांना आणि खिडकीला लावली. ती वाळत, आम्ही पुन्हा भिजवत असू.

उडवी खाली बसली तेव्हा वडील परतले. पलीकडचं घरही वाचलं होतं. काळवंडलेल्या खांबावरून त्यांनी हात फिरवला आणि आधी बाळ कुठे आहे ते विचारलं.

मावशीच्या ओट्यावर ते गाढ झोपलं होतं. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मला भूक लागली होती. मावशीनं पेजेचा वाडगा पुढे केला.