पप्पा, टायटनची पूड आणि एक काचनळी

दीड महिन्यापूर्वी एका रविवारी मी लॅबमधली चिमूटभर पूड घेऊन राजोडीजवळच्या आमच्या घरी आले.

शनीचा एक चंद्र आहे, टायटन. त्याच्या हवेत कायम नारिंगी धुरकं असतं. मुंबईतल्या आमच्या लॅबमध्ये आम्ही ते बनवून बघतो... काचेच्या बंद भांड्यात नायट्रोजन आणि मिथेन सोडायचे, त्यातून वीज खेळवायची. काही दिवसांनी आतून काचेवर तांबूस-तपकिरी पूड धरते.

ते भांडं माझ्या पप्पांनी बनवलेलं. वालीवच्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं ते ज्योतीवर काच वितळवून लॅबचं सामान बनवायचे. माझं भांडं दोनदा तडकलं, तिसऱ्यांदा जमलं. मग दर आठवड्याला फोनवर एकच प्रश्न... पूड आली का?

आली तेव्हा पप्पा अंथरुणाला खिळले होते. लिव्हरचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्यांना लॅबपर्यंत येणं शक्यच नव्हतं आणि पूड उघडी नेणंही... हवा लागली की ती बदलते.

म्हणून मी थोडी पूड बारीक काचनळीत भरली, आतली हवा काढली आणि नळीचं तोंड बर्नरवर वितळवून बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदाच. आमच्या लॅबप्रमुख मॅडमना विचारलंही नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या तर?

नळी पप्पांच्या हातात दिली आणि मी सांगत सुटले... तिथे मिथेनचा पाऊस पडतो, मिथेनची तळी आहेत. त्यांचं लक्षच नव्हतं. ते नळीच्या टोकावरून अंगठा फिरवत होते.

"हे सील तू केलंस?"

मी हो म्हटलं.

"जाड झालंय. आच जास्त लागली." थोडा दम घेऊन म्हणाले, "पण हवा नाही जाणार आत."

लहानपणी ते मला ज्योतीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. तू शाळा शीक, म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला माझी चूक सांगितली, बरोबरच्या कारागिराला सांगावी तशी.

अकराव्या दिवशी पप्पा गेले.

शवपेटी बंद करायच्या आधी आईने त्यांच्या हाताला जपमाळ गुंडाळली. मग उशीखालून ती नळी काढून माझ्यासमोर धरली.

"त्यांच्याजवळ राहू दे?"

लॅबची वस्तू. कित्येक दिवसांचं काम, आणि तेही न विचारता आणलेलं... मी मान हलवली. आईने नळी त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

लॅबमध्ये परत गेले त्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. ओरडा बसणार हे धरूनच चालले होते, कदाचित प्रोजेक्टही जाणार. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर उघडलं आणि त्या सॅम्पलच्या नंबरापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं... 'संपलं'.

मग म्हणाल्या, रिसर्च पेपरमध्ये भांडं बनवणाऱ्याचे आभार मानायचे राहिलेत, पप्पांचं पूर्ण नाव सांग. मी नाव सांगितलं. स्पेलिंग सांगताना मात्र रडू आवरलं नाही.

मॅडम, त्या दिवशी मला नीट बोलता आलं नाही. थँक्यू.