शेजाऱ्याला फोन द्या

कॉलेजच्या ऑफिसात माझं काम एकच, कागद तपासायचे. टीसीवरचा शिक्का पुसट असला तरी मी फॉर्म परत करते. "झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत आणा," हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणते की पोरं पाठीमागं मला 'मूळ प्रत'च म्हणतात. तर अशी मी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, फोनमधल्या एका फोटोवर भाळले.

घटस्फोटाला सात वर्षं झाली होती. परभणीत दोन खोल्यांत एकटी राहत होते. ऑफिसातल्या मैत्रिणीनं जेवणाच्या सुट्टीत ते डेटिंगचं ॲप फोनमध्ये घालून दिलं आणि म्हणाली, बघ तरी. मी बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. 'जेवलीस का' असं कुणीतरी आपल्याला विचारतंय, याचंच फार अप्रूप वाटायचं.

फोटोतला माणूस रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होता. सेलूकडं काम चालू आहे म्हणायचा. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ गोड गोड मेसेज. ॲपवर मोकळं बोलता येत नाही म्हणून त्यानं माझा नंबर घेतला. व्हिडिओ कॉलचं नाव काढलं की त्याचा कॅमेरा बिघडलेला असायचा. मग म्हणाला, रविवारी देवगाव फाट्यावर उतर, मी गाडी घेऊन येतो, मित्राचं शेत आहे, निवांत बोलू. कुणाला सांगू नकोस, लोक वाईट असतात.

लोक वाईट असतात, हे त्यानं मला सांगावं!

त्या दिवसांत माझी आत्या माझ्याकडं होती. सोनपेठजवळच्या खेड्यातून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली होती. काळा चष्मा लावून दिवसभर कॉटवर बसायची आणि मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे. त्या रविवारी सकाळी मी इस्त्रीची साडी नेसले आणि कॉलेजात काम आहे असं सांगितलं.

"आयतवारी?" आत्या म्हणाली. "अन् कालेजात काम हाय तर पावडरीचा वास कामून यायलाय?"

मला नीट खोटं बोलता येत नाही. दहा मिनिटांत सगळं बाहेर आलं. आता ती घर डोक्यावर घेणार म्हणून मी वाट बघत उभी राहिले, तर ती शांतपणे म्हणाली, "जा की. पर आधी त्याला म्हणावं, तुझ्या शेजाऱ्याला फोन दे."

मीच मग भडकले. शेजाऱ्याचा काय संबंध, त्याला काय वाटेल, आता असं कुणी विचारतं का, असं बरंच काही तावातावानं बोलले. आत्यानं काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं, तरी काढला.

"तुझं लगीन मीच जमवलं," ती म्हणाली. "घर बघितलं, शेत बघितलं, इहिरीत वाकून पाणी बघितलं. शेजाऱ्याला इचारलं न्हाई. तू परत आलीस तवा त्याच गल्लीतली बाई मला म्हणली, आमाला एक डाव इचारलं असतं तर सांगितलं असतं. ती चूक माझी हाय, बाई. ती मला पुन्हा करायची न्हाई."

हे ती सात वर्षांत कधी बोलली नव्हती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी तिचा चष्मा पुन्हा तिच्या डोळ्यांवर बसवला आणि त्या माणसाला मेसेज टाकला.

आधी हसण्याची चित्रं आली. मग, माझ्यावर विश्वास नाही का. मग शिव्या. शेवटी, तुझे फोटो तुझ्या कॉलेजात पाठवतो. मी तो मेसेज आत्याला वाचून दाखवला.

"कसले फोटू?" आत्यानं विचारलं.

"साडीतले. गॅदरिंगचे."

"मग पाठव म्हणावं. कालेजानं बघितलेलेच हायेत."

एवढ्या भीतीतही मला हसू फुटलं. उत्तर दिलं नाही. सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, ॲपवर तक्रार केली, मग त्याला ब्लॉक केलं. सोमवारी मैत्रिणीला घेऊन पोलिसांकडं गेले. तिथल्या पोलीस बाईनं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, गाडीत बसला नाहीत हे फार बरं केलं. फाट्यावर त्या दिवशी माझी वाट बघत कोण उभं होतं, ते मला आजही माहीत नाही.

मी ॲप काढून टाकायला निघाले, तर आत्यानंच अडवलं. "ऱ्हाऊ दे की. मला आता कुठं करमायलंय."

मग आमचा नियमच झाला. आधी व्हिडिओ कॉल, आणि कॉलवर पहिलं काम शेजारी. एकानं ते ऐकून फोनच ठेवला. दुसऱ्यानं कॅमेरा बंद केला आणि घोगऱ्या आवाजात तो स्वतःच शेजारी होऊन स्वतःचं कौतुक करायला लागला. मला कळलंही नाही. पण आत्याला चेहरे धड दिसत नसल्यामुळं ती सगळं कानांनीच बघत होती. "ह्यो त्योच हाय," ती म्हणाली, "खाकरायची तऱ्हा तीच." आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं आणि मला थेंब पुन्हा घालावे लागले.

मग सोनपेठला शाळेत शिकवणारे एक जण कॉलवर आले. बायको वारलेली. आत्याची अट ऐकून ते फक्त "थांबा" म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. शेजारच्या पायरीवर एक म्हातारी सुपात डाळ निवडत होती. त्यांनी तिच्या हातात फोन दिला.

"ह्याचं इचारायल्या?" म्हातारी म्हणाली. "माझी शिडी नेलीय ह्यानं, दोन महिने झाले. मागितली की उद्या देतो म्हणतो. पहाटं गाणं म्हणतो, सूर धड न्हाई." तिनं सुपातला खडा फेकला. "बायको आजारी होती तवा वरीसभर हातानं भरवलं तिला. येणी घालायचा तिची. वाकडी यायची, पर रोज घालायचा."

आत्या कान देऊन ऐकत होती. म्हातारीच पुढं म्हणाली, "अन् तुमी कोण? तुमच्या शेजाऱ्याला द्या फोन."

हे आम्हाला सुचलंच नव्हतं. शेजारी भिंतीला भिंत लागून रिक्षावाल्याचं घर. त्यांच्या घरच्या बाईशी मी तीन वर्षांमागं नळाच्या पाण्यावरून कडाकडा भांडले होते, तेव्हापासून बोलणं बंद. तसं बोलणं कुणाशीच नव्हतं. लोक घटस्फोटाचं विचारतील म्हणून मी सगळ्यांनाच टाळायचे. माझ्याबद्दल चांगलं सांगणारं एक माणूस या गल्लीत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

"जा," आत्या म्हणाली.

दार वाजवलं. बाई पिठाच्या हातानं बाहेर आली. मी एका दमात सगळं सांगून फोन पुढं केला. तिनं माझ्याकडं बघितलं, पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

"बाई फटकळ हाय," ती म्हणाली. मी डोळे मिटले. "पाण्यावरनं मला लय बोलली. पर माझ्या पोरीचा फारम चुकला, तवा मला न सांगता हिनंच नीट करून दिला. मला समदं ठाऊक हाय." मग तिचा आवाज उतरला. "मावशी, सात वर्सं हिच्या घरातनं कसला आवाज म्हून येत नव्हता. कवा कवा मी भिंतीला कान लावायची, बाई जिती हाय का म्हून. आता महिना झाला, हसायचा आवाज यायलाय. मला लय बरं वाटायलंय."

मी तिच्या दारातच रडले. ती आणि फोनवरची म्हातारी मात्र पुढं बराच वेळ तुरीच्या डाळीवर बोलत राहिल्या.

पुढच्या रविवारी सकाळी परभणीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात ते मास्तर आणि मी भेटलो, भर गर्दीत. शेजारच्या टेबलावर आत्या, रिक्षावाल्याची बायको आणि एसटीनं मुद्दाम आलेली ती म्हातारी भजी खात बसल्या होत्या. काय बोलायचं ते मी आठवडाभर ठरवत होते. तोंडातून निघालं, "शिडी दिली का?"

"काल दिली," ते म्हणाले.

अजून काही ठरलेलं नाही. आम्ही भेटतो, दिवसा आणि माणसांत. त्यांचा फोन आला की मला हसू येतं. आत्या गावी गेली असली तरी मी आता भिंतीजवळ जाऊन बसते आणि जरा मोठ्यानंच हसते.