टाकीतला धूर

आमचे हे वेल्डर होते. कुरकुंभच्या कारखान्यांत केमिकलच्या मोठ्या टाक्या बसायच्या, त्यात उतरून आतले सांधे भरायचं काम यांच्याकडे असायचं. दौंडला आमची भाड्याची खोली होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी यांचा चेहरा थिजल्यासारखा झाला. बोलणं पुटपुटल्यासारखं येऊ लागलं. चालताना टाचा टेकेनात, आणि पाऊल मागं घ्यायला गेलं की तोल जायचा. सासरी केंदूरला दिराच्या लग्नात ते भर मांडवात पडले. पाहुणे म्हणाले, पिऊन आलाय. सासऱ्यांनाही तेच खरं वाटलं. त्यांनी यांच्याशी बोलणं टाकलं. यांनी दारूला कधी हात लावला नव्हता.

परतताना एसटीत हे म्हणाले, "तुला तरी पटतंय ना?"

"मला काय इचारताय? मी रोज तुमच्यासंगं राहती की."

दौंडच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. फरक पडेना, तेव्हा त्यांनीच पुण्याला पाठवलं. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी आधी कामाची चौकशी केली, मग तपासण्या. म्हणाले, "वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतं. बंद टाकीत ते श्वासातून आत गेलंय. मेंदूतल्या काही पेशी ठरावीक लयीत विजेचे बारीक ठोके देत असतात. त्यातून डोपामिन नावाचं रसायन सुटतं, म्हणून आपली हालचाल सुरळीत होते. मँगनीजनं ती लयच बिघडते."

"म्हंजी करंट हाय, पर ठिणगी नीट धरंना," हे म्हणाले.

"तसंच समजा."

"गोळ्यांनी बरं व्हईल का?" मी विचारलं.

"थोडाफार फरक पडेल. पण आधी धुरापासून लांब व्हा."

फरक फारसा पडला नाही. काम सोडायच्या दिवशी हे गेटवर गेले आणि सोबतच्या वेल्डरांना सगळं सांगून आले. धुराची सोय केल्याशिवाय टाकीत उतरणार नाही म्हणून ती पोरं अडून बसली, तेव्हा ठेकेदारानं कुरकुरत का होईना, टाकीच्या तोंडाशी धूर ओढणारा पंखा लावला.

आम्ही केंदूरला आलो. मी सासऱ्यांना म्हणाले, "आबा, हे पीत न्हाईत. धुरानं झालंय." ते यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं लेका. आता हितंच ऱ्हावा."

दुखणं गेलं नाही, पण पुढं फार वाढलंही नाही. सकाळी आबा यांना धरून मळ्यापर्यंत न्यायचे. वाटेत कुणी भेटलं की, समोरच्यानं विचारायच्या आतच आबा सांगायचे, "कारखान्याच्या धुरानं झालंय त्येला. दारूनं न्हाई."